दारात थांबायचं नाही

माझ्या पाळणाघराचा एकच नियम आहे आणि तो मी दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून लावलाय. मूल द्या आणि निघा. अठ्ठावीस वर्षांत शेकड्यांनी आया पाहिल्या मी. मूल माझ्या हातात देतात आणि मग चपला घालायला दहा मिनिटं लावतात. जिन्यापर्यंत जातात, परत येतात, ‘सोन्या, मी येते हं’ म्हणतात, आणि मग ते पोर जे भोकाड पसरतं ते थेट दुपारपर्यंत. मी सरळ दार लावून घेते. कुणाला राग आला तर येऊ दे. आठ दिवस त्रास होतो, नवव्या दिवशी तेच पोर आईला टाटा करायलाही मान वर करत नाही. रुळणं म्हणतात ते हे. माझ्याकडे रुळलं नाही असं मूल मला आठवत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की बाई आडमुठी आहे. आहेच. पण माझा आडमुठेपणा हवेतून आलेला नव्हता, एवढी पोरं हाताखालून गेल्यावर आला होता.

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. कामाला वाघ, पण तोंड उघडायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. काही विचारलं तर आधी खिशातलं फडकं काढून हात पुसणार, मग पायाच्या अंगठ्याकडे बघणार, मग दोन शब्द बोलणार. लहानपणापासून त्याचं बोलणं मीच बोलत आले. शाळेत बाईंनी त्याला नाव विचारलं तरी उत्तर मी द्यायचे.

तर एका बुधवारी, पोरांची केळी खायची वेळ, सगळ्यांची तोंडं बरबटलेली, आणि हा दारात उभा. हातात डोक्यावरचं पिवळं हेल्मेट उलटं धरलेलं. हेल्मेटात तेलकट चिंध्या आणि चिंध्यांत ते.

इतकं कुरूप बाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. गुलाबी-काळपट कातडं, त्यावर विरळ पिवळे केस, जणू कुणी झाडूचे तुकडे चिकटवलेत. चोच अंगाच्या मानाने इतकी मोठी की दुसऱ्या कुणाची उसनी आणल्यासारखी. डोळे नुकते उघडलेले. आणि श्वासाबरोबर सगळं अंग वरखाली होत होतं.

‘हे काय आणलंस?’ मी म्हटलं.

त्याने एका हाताने हेल्मेट धरून दुसरा हात पँटला पुसला. ‘कबुतराचं आहे. आई चाकात आली.’

मग तुकड्या-तुकड्याने कळलं. नऊ मजली इमारत, दोन महिने लिफ्ट बंद, मोटरचा कुठलासा भाग येत नव्हता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची एक काच फुटलेली. तिथून कबुतरांची जोडी आत शिरली आणि ज्या मोठ्या चाकावरून लिफ्टचे दोर जातात, त्याच्या शेजारच्या कट्ट्यावर घरटं केलं. भाग आला, याने बसवला, बटण दाबलं. आवाजाने मादी दचकून उडाली ती चाकात.

‘मी ओरडलो होतो ताई,’ तो म्हणाला. ‘चालू करतोय म्हणून ओरडावं लागतं, नियमच आहे. घरटं मागच्या बाजूला होतं, दिसलंच नाही मला.’

बोलता बोलता त्याने बाहीने डोळे पुसले. चाळीशी कधीच ओलांडलेला माणूस. मला कसंतरी झालं, आणि कसंतरी झालं की मला रागच येतो.

‘बरं, आता रडू नकोस पोरांसमोर. ठेव इथे.’

‘जगेल?’

‘न जगायला काय झालं?’

‘बबडीला वाढवलंस तू,’ तो म्हणाला. ‘ती तर चार महिन्यांची होती.’

बबडी म्हणजे त्याची मुलगी. तिची आई ताप येऊन पाच दिवसांत गेली. सगळे नातेवाईक जमले होते, भाऊ कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता, आणि मी पोर उचललं आणि माझ्या घरी आणलं. कुणी काही बोललं नाही. आई गेली म्हणजे पोर पोरकं, हे सगळ्यांनाच इतकं उघड होतं की विचारायचं काय त्यात? बाप होता. पण बाप म्हणजे काय, सकाळी पाना घेऊन बाहेर पडणार, रात्री ग्रीसने माखून येणार. ‘मी करीन ताई,’ असं म्हणाला होता तो. मी म्हटलं, ‘काय करणार तू, पान्याने दूध पाजणार?’ सगळे हसले होते. तोही हसला होता थोडा.

आता बबडी तेवीस वर्षांची आहे. दुसऱ्या शहरात नोकरी करते. मला आठवड्यातून दोनदा फोन करते. बापाला वाढदिवसाला करते, त्याच्याही आणि स्वतःच्याही.

असो. पिल्लाचं सांगते.

चिमणीचं पिल्लू चोच वासून बसतं, हे वासतच नव्हतं. ड्रॉपर लावला, मान फिरवली. चमच्याने प्रयत्न केला, सगळं अंगावर. मी वैतागून त्याला मुठीत धरलं तर त्याने माझ्या दोन बोटांच्या फटीत चोच खुपसली आणि घुसळायला लागलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, याला चोच उघडायची नाही, कुठेतरी घालायची आहे. मी दुधाच्या बाटलीचं जुनं रबरी बूच घेतलं, टोक कापून मोठं भोक केलं, त्यात बाळांच्या खाऊची पावडर कोमट पाण्यात कालवून भरली आणि चोचीवर धरलं. चोच आत गेली आणि पठ्ठ्या गटागटा प्यायला. पंखांची ती दोन टोकं आनंदाने फडफडत होती. पाळणाघरातली सगळी पोरं भोवती गोळा होऊन बघत होती आणि मी, खरं सांगते, फुगून गेले होते.

भाऊ अजून दारातच.

‘झालं ना समाधान? जा आता कामावर,’ मी म्हटलं. ‘दारात थांबायचं नाही.’

माझ्याकडे एक फळा आहे. प्रत्येक मुलाच्या नावासमोर बाटली, शी, झोप, आणि वेळ. मी खाली एक ओळ वाढवली. दर दोन तासांनी बाटली. पाळणाघर वेळेवर चालतं, लाडाने नाही, हे मी माझ्या मदतनीस बाईला पहिल्याच दिवशी सांगते. पिल्लू चपलांच्या खोक्यात, खाली गरम पाण्याची पिशवी, वर दुपटं. पहिले दोन दिवस काय सांगू, डोळ्यांदेखत वाढत होतं. गळ्याखाली त्याची एक थैली असते, ती भरली की फुगा फुगल्यासारखी दिसायची. मी बोटाने चाचपायचे आणि फळ्यावर बरोबरची खूण करायचे.

भाऊ रोज यायचा. त्या इमारतीतलं काम आठ-दहा दिवस चालणार होतं, प्रत्येक मजल्याचं दार जुळवायचं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायचा, खोक्यात वाकून बघायचा.

‘खाल्लं?’

‘फळा वाच.’

तो फळा वाचायचा. मग तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. गुरुवारी असंच झालं, शुक्रवारी असंच. मला वाटलं मादीचा चटका अजून मनातून गेला नाही. शुक्रवारी मी म्हटलंही, ‘हे बघ, आता ते माझ्याकडे रुळतंय. येता-जाता हात लावू नकोस, बावरतं ते.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि हात मागे घेतला.

शनिवारी सकाळी खोकं उघडलं तर थैली आदल्या दिवशीसारखीच भरलेली. मी म्हटलं, वा, पोट भरलंय म्हणजे. पण फळ्यावर आठची बाटली होती. आठची बाटली म्हणजे आठची बाटली. अडून बसणाऱ्या मुलांना मी काय थोडं पाजलंय? पाजलं. दहाला पाजलं. बारा वाजता त्याने बूच तोंडात घेतलं नाही तर मी चोच धरून आत घातली. त्याच्या तोंडाला आंबूस वास येत होता, पीठ दोन दिवस झाकून ठेवल्यासारखा.

दुपारी भाऊ आला, खोक्यापाशी उकिडवा बसला.

‘ताई, त्याचं सकाळचंच भरलेलं दिसतंय. खाली उतरत नाहीये. थोडं थांबलीस तर?’

‘तू मला शिकवणार?’

त्याने फडकं काढलं, हात पुसले, फडकं परत खिशात घातलं. ‘नाही,’ म्हणाला. आणि गेला.

रविवारी पाळणाघर बंद असतं. त्या दिवशी दुपारी बाराची बाटली द्यायला मी त्याला हातात घेतलं. थैली टणक झाली होती. मान माझ्या अंगठ्यावर टाकली त्याने. मी बूच चोचीवर धरलं तशी चोच जराशी हलली, जुन्या सवयीने हलावी तशी, आणि ओघळून आंबलेलं पाणी माझ्या तळहातावर आलं. मग श्वास दिसेना. मी बराच वेळ बूच तसंच धरून बसले होते. मी मूल मरताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे असं होतच नाही.

भावाला फोन केला. तो वीस मिनिटांत आला. रविवार असूनही अंगावर कामाचे कपडे. त्याने पिल्लू माझ्या हातातून घेतलं, रुमालात गुंडाळलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हात न पुसता बोलला.

‘तो अजून येतोय.’

‘कोण?’

‘बाप.’

मला कळेचना. मग त्याने सांगितलं. मादी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नर रोज येत होता. सकाळी दहाला फुटक्या काचेतून आत यायचा, रिकाम्या घरट्यात बसायचा, उठून भोवती फिरायचा, घुमायचा. गळा भरलेला असायचा. इमारतीचा वॉचमन पूर्वी कबुतरं पाळायचा, त्याने सांगितलं, कबुतरांत बापालाही दूध येतं. दिवसा पिल्लू बापच सांभाळतो. मादी मेली तरी एकटा वाढवतो. ते पोरकं नव्हतंच.

‘तुला हे कधी कळलं?’

‘गुरुवारी.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुवारी ते पिल्लू चांगलं टुणटुणीत होतं. नेऊन घरट्यात ठेवलं असतं तर काम संपलं होतं. मी त्याला वाटेल ते बोलले. मुखदुर्बळ, नेभळट, तोंडात काय बोळा कोंबलाय का तुझ्या, एक वाक्य बोलायला काय लागतं, भांडायचंस, ओरडायचंस, हिसकावून न्यायचंस. तो रुमाल हातात धरून ऐकत होता.

‘एकदा केलं होतं ना तसं,’ तो म्हणाला.

त्याने एकदा केलं होतं तसं. बबडी दीड वर्षाची होती. याने दिवसपाळी मागून घेतली होती, पाळणा आणला होता, शेजारच्या एका आजींना दुपारपुरतं तयार केलं होतं, दूध किती चमचे आणि पाणी किती हे कागदावर लिहून पाठ केलं होतं. माझ्या दारात येऊन मोठ्याने म्हणाला, ‘माझी मुलगी दे.’ जन्मात पहिल्यांदा मोठ्याने. आतून बबडी रडायला लागली. मी म्हटलं, ‘आत्ता कुठे रुळली आहे ती, उपटतोस कशाला? रोज येत जाऊ नकोस, तू गेलास की दोन तास रडते. रविवारी ये.’ आणि दार लावलं.

मला ती हवी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. शंभर मुलं संध्याकाळी सहाला आपापल्या घरी जायची, एक राहत होतं, ते मला हवं होतं. बाकीचं सगळं, ते रुळणं आणि बावरणं, खरंही होतं आणि सोयीचंही होतं.

सोमवारी मी मदतनीस बाईवर पाळणाघर सोपवलं आणि त्याच्याबरोबर गेले. मला तो नर बघायचा होता. का, ते मलाही सांगता येणार नाही. लिफ्ट छान चालत होती, धक्कासुद्धा नाही. वरच्या खोलीत तेलाचा वास, मोटरची घरघर, आणि कट्ट्यावर काड्या आणि वायरींचे तुकडे यांचं ते घरटं. नर आत बसलेला होता. आम्हाला बघून उठला, उडाला नाही. घरट्याभोवती एक फेरी मारली, मान खाली घालून घुमला, आणि रिकाम्या काड्यांत चोच घालून बघितली. पुन्हा फेरी. पुन्हा चोच. गळा असा तट्ट भरलेला.

भावाचं तिथलं एकच काम राहिलं होतं, खिडकीला जाळी बसवायची. जाळी कापून भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

‘मग बसव की,’ मी म्हटलं.

‘तो आत असताना कशी बसवू?’

‘किती वेळ बसतो?’

‘चारपर्यंत.’

आम्ही दोघं पत्र्याच्या डब्यांवर बसून राहिलो. तास-दीड तास गेला. मग मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला तिथून उठता आलं नसतं.

‘मी रविवारीच ये म्हटल्यावर, मधल्या दिवसांत तू खरंच यायचा नाहीस?’

त्याने हात पुसले. ‘यायचो. समोरच्या फूटपाथवर, औषधाच्या दुकानापाशी. काम सुटलं की.’

‘किती दिवस?’

‘शाळेत जायला लागली तोवर.’

म्हणजे चार वर्षं. ‘आणि वर का नाही—’ कुठल्या तोंडाने विचारणार होते?

‘तिला दिसू नये असं तू म्हणाली होतीस,’ तो म्हणाला. ‘रडते म्हणून.’

चार वाजता नर काचेतून बाहेर गेला. भाऊ उठला आणि जाळी लावायला लागला. मी बाहेर गच्चीवर आले आणि बबडीला फोन लावला. म्हटलं, आज सांगायचं. पोरीला निदान एवढं तरी कळू दे की तिचा बाप येत होता. मी सगळं भडाभडा सांगितलं, कबुतराचं, दीड वर्षाची असतानाचं, औषधाच्या दुकानाचं.

‘आत्या,’ शेवटी म्हणाली, ‘मला माहितीय. खिडकीतून दिसायचे ना बाबा.’

‘दिसायचा?’

‘रोज. मी हात करायचे. ते बघायचे आणि मान फिरवून चालायला लागायचे. मला वाटायचं, मी काहीतरी केलंय. मग मी खिडकीशी जायचंच सोडलं.’ पुढे म्हणाली, ‘तू म्हणाली होतीस तेव्हा, बघा कशी शहाणी झाली, खिडकीचा हट्ट सोडला. मला आठवतंय ते.’

मी म्हटलं, ‘बबडे, तो मी सांगितलं म्हणून जायचा गं. माझ्यामुळे.’

‘हो, ते कळलं आत्ता,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला चालला असता. ‘पण मी आता तेवीसची आहे आत्या. आता ते कळून मी काय करू? मला माणूसच माहीत नाही तो.’ मग ती म्हणाली की तिला कुठेतरी जायचंय, पिल्लाचं वाईट वाटलं, आणि फोन ठेवला.

मी खोलीत परत आले. भाऊ स्टुलावर उभा होता, दोन स्क्रू दातांत धरलेले. ते काढून हातात घेतले.

‘बबडी होती?’

‘हं.’

‘काय म्हणाली?’

मला सांगता आलं असतं. तिने तुला बघितलं होतं, रोज हात केला होता, हे त्याला सांगितलं असतं तर त्या चार वर्षांतली एकूण एक संध्याकाळ त्याने पुन्हा त्या फूटपाथवर उभं राहून काढली असती. हे त्याच्यासाठी लपवलं की माझ्यासाठी, ते माझं मला ठाऊक आहे.

‘तुझी चौकशी करत होती,’ मी म्हटलं.

तो स्टुलावरून खालीच उतरला. फडकं शोधायला हात खिशात गेला आणि तसाच राहिला. ‘माझी? स्वतःहून?’

‘हो.’

‘मग मी करू तिला फोन? आत्ता?’

मी फोन पदरात धरला. ‘आत्ता नको,’ मी म्हटलं. ‘कामात आहे ती. मी सांगेन तुला कधी करायचा ते.’

‘बरं,’ तो म्हणाला. पुन्हा स्टुलावर चढला आणि जाळीचा खालचा कोपरा हलत होता तो मला धरायला सांगितला. त्याने चारही स्क्रू घट्ट बसवेपर्यंत मी तो धरून उभी राहिले.